देव्हाऱ्यापुढची आयरिश बाटली

माझे सासरे पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. मी त्यांना मामा म्हणतो, ते मात्र लग्नाला वीस वर्षं झाली तरी मला अजून "पाव्हणं" म्हणतात आणि मी दिसलो की खुर्ची सोडून उठतात. मान मिळतो, गप्पा मिळत नाहीत. एकदा तरी या माणसानं मला शेजारी बसवून घ्यावं, एवढीच माझी इच्छा.

यंदा नवरात्रात ते इकडे आखातात, देऱ्याला आमच्याकडे आले, तेव्हा कपाटात एक आयरिश व्हिस्की तयार होती. तिकडच्या कुठल्याशा जुन्या पलटणीच्या स्मरणार्थ काढलेली. लेबलावर तिचं निशाण. फौजी माणूस, फौजी बाटली. माझ्या युद्धनीतीची धाव तेवढीच.

खंडेनवमीला सकाळी बायकोनं देव्हाऱ्यापुढे शस्त्रपूजा मांडली. आमची शस्त्रं म्हणजे माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि खोबरं खवायची विळी.

"पाव्हणं, शत्रू आला तर किल्ली फेकून मारायची काय?" मामांनी विचारलं. मुलगी खिदळली.

संध्याकाळी हमरिया बंदराजवळच्या ऑफिसातून ट्रॅफिक कापत घरी पोचलो. दोन ग्लास, बर्फ, भाजलेले शेंगदाणे मांडले. टेबलाच्या अल्याडपल्याड दोन खुर्च्या. मामा बंडी-लेंग्यावर बसले होते. मी बाटली पुढ्यात ठेवली. "यल्ला, चला मामा, आज मानपान बाजूला."

त्यांनी चष्मा लावला. निशाणावर बोट टेकवलं, लगेच मागे घेतलं आणि उठून आत गेले. खलास, म्हटलं, सासरा रुसला. पण परत आले ते शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, पट्टा बांधून, केस विंचरून.

"बाळ, काय लिवलंय ते वाच."

मुलीनं बाटलीच्या खोक्यावरचं इंग्रजी वाचलं. ती पलटण कुठं कुठं लढली, ते देश, ती गावं. 'इटली' आलं तसा मामांनी हात वर केला.

"आमचा बा तिथं हुता. सांगायचा, पलीकडच्या डोंगरावर गोऱ्यांची एक पलटण हुती. रोज सांजच्याला त्यांचा बाजा वाजायचा. एक दिस वाजलाच न्हाई. मग आपल्या पोरांनी त्या डोंगराकडं तोंड करून ढोलकी वाजवली. लई वेळ वाजवली. तिकडनं काय आलं न्हाई."

"मामा, हीच ती पलटण?"

"कुणाला ठावं. कुणाची तरी तर हाय."

त्यांनी बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या लॅपटॉपशेजारी पूजेत ठेवली.

"आबा! देवापुढं दारू?" बायको किंचाळली.

"दारू आत हाय गं. निशाण भाईर हाय."

हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग त्या म्हाताऱ्या अनवाणी टाचा जुळल्या आणि हात कपाळाशी गेला. असला सलाम मी जवळून कधी पाहिला नव्हता. एरवी "आजोबा, सो ड्रामॅटिक!" म्हणणारी मुलगी त्यांच्या शेजारी सावधानमध्ये उभी. आणि मी, घरातला कर्ता पुरुष, हातात शेंगदाण्यांची बशी धरून.

"दसऱ्याला शस्त्रं उचलली की मग हात लावायचा," मामा म्हणाले. मागे बर्फाचं पाणी झालं होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं देऊन झाली. मामांनी फूल बाजूला केलं, बाटली आणून टेबलावर ठेवली आणि निशाण आपल्याकडे वळवून सोफ्यावर बसले. मी माझ्या ठरलेल्या समोरच्या खुर्चीकडे निघालो.

"तिथं न्हाई. निशाणाच्या पाठीमागं बसायचं नसतंय." त्यांनी आपल्या शेजारची जागा थोपटली. "हिकडं ये. बस."

ये. बस. पाव्हणं नाही की काही नाही. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं दोन शब्दांत आलं, आणि मी टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत.

"आलोच मामा," म्हटलं आणि आत गेलो. ऑफिसचा शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. वरचं काही केल्या लागेना. तेवढं हातानं मिटून धरलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.