बेडकाच्या भिंतीतलं दार

नवऱ्याला माझा पगार माहीत आहे, खरं वजनही माहीत आहे. हे मात्र त्याला माहीत नाही — कुणालाच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मिलिंदला ओळखत नाही.

मिलिंद आमचा मोहन्यातला शेजारी, माझ्याच वर्गातला. अख्ख्या चाळीत फक्त त्याच्याकडे व्हिडिओ गेम होता. गमबूट घातलेल्या बेडकाचा. उड्या मारत पुढे जायचं, आणि पाण्यात पडला की बेडूक मरायचा. हो, बेडूक. पोहायला तो तिसऱ्या भागात शिकला.

आता त्या बेडकाचे अकरा भाग झालेत. गमबुटांचा रंग कधी बदलला, बायको कितव्या भागात मिळाली — मिलिंदला सगळं तोंडपाठ. डोंबिवलीत बसून तो या गेमच्या इतिहासावर व्हिडिओ करतो, लोक आवडीने बघतात. पहिल्या भागावरच्या व्हिडिओत तो माझं नाव घेतो. भिंतीतलं गुप्त दार पाहिलेली एकमेव व्यक्ती म्हणून.

कसलं दार? — थांबा, सांगते.

आमचा नियम असा की बेडूक मेला की रिमोट दुसऱ्याकडे. आणि मिलिंदचा बेडूक काही केल्या मरायचा नाही. मी सतरंजीवर बसून असायचे. त्याची आई मला पोहे द्यायची, मग चहा द्यायची, तरी माझी पाळी यायची नाही. अकरा वर्षांच्या मुलीने किती सहन करायचं?

एक दिवस मी म्हणाले, चौथ्या लेव्हलला विटांची भिंत आहे ना, तिच्यासमोर शंभर उड्या मारल्या की दार उघडतं. आत बेडकाची आई बसलेली असते. — आई मला कुठून सुचली, देव जाणे. तू पाणी भरायला गेलेलास तेव्हा मी पाहिली, असंही वर सांगितलं.

पण लेव्हलला वेळ ठरलेली होती. ऐंशीएक उड्या झाल्या की ती संपायची. बेडूक मरायचा — आणि रिमोट माझ्या हातात.

मे महिन्याची सगळी सुट्टी मी मनसोक्त खेळले. मिलिंदच्या अंगठ्याला घट्टा पडला. आपलाच हात हळू चालतो म्हणून एकदा तो रडला. आणि मी — मी त्याला म्हणाले, सराव कर.

गेल्या महिन्यात पहिला भाग नव्याने निघाला. त्यात वेळ बंद करता येते. मिलिंद तो घेऊन बाळकुमला माझ्या घरी आला. दार उघडेल ते तुझ्यासमोरच, म्हणाला. माझ्या सोफ्यावर बसून चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने उड्या मारायला सुरुवात केली. मी मोठ्याने मोजत होते. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. भिंत तशीच.

सुटले, वाटलं मला. आता कळलंच असेल त्याला. मी चहाचे कप उचलायला लागले.

अंगठा चोळत तो म्हणाला, "अगं, शंभरच होत्या का नक्की?"

एका शब्दात संपलं असतं. दार नाही, कधीच नव्हतं. मला रिमोटसुद्धा नको होता या वेळी. आणि मी काही आता अकरा वर्षांची नाही.

"दीडशे," मी म्हणाले.

त्याने पुन्हा रिमोट उचलला. मी कप खाली ठेवले आणि एकपासून मोजायला लागले.