पायांखालची गल्ली

बिंदुमाधवशास्त्र्यांना दूधविनायकाची गल्ली जितकी पाठ होती, तितकी काशीत क्वचितच कुणाला असेल. फक्त घोट्याच्या वरची गल्ली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

याला कारण सोवळं. पहाटे घाटावर स्नान करून ओल्या धोतरानं परतताना कुणाचा स्पर्श होऊ नये, शेणात पाय पडू नये, म्हणून ते मान खाली घालून स्तोत्र म्हणत चालत. चाळीस वर्षांत मानेला तीच सवय लागली, कोरड्या धोतरातही. माणसं ते पायांवरून ओळखत. शेजारच्या देवव्रतनं नव्या चपला घेतल्या की आठवडाभर त्याची ओळख पुसली जाई.

वेद शिकायला येणारे विद्यार्थी कधीकधी त्यांची परीक्षा घेत. "गुरुजी, चौदावा चौका?" (गल्लीतल्या दगडी फरशीला इकडे चौका म्हणतात.) शास्त्री डोळे मिटत. दगड जणू त्यांच्या पापण्यांच्या आतच मांडलेले असत. "डावा कोपरा उडालेला. पाऊस झाला की त्यात दोन चुळा पाणी साठतं."

"आणि समोरच्या घराचा रंग?"

"त्याला रंग दिलाय?"

तो निळा रंग देऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

१९९४च्या मार्गशीर्षात त्यांच्या मालविकेला बघायला जबलपूरहून विष्णुपंत आणि सुनीतीबाई यायचे ठरले. मुलगा निनाद तिला मामाकडच्या मुंजीत भेटला होता आणि दोघांची पसंती झाल्यासारखीच होती. पण सुनीतीबाईंना पाटण्याची एक मुलगी सुचवलेली होती आणि दुपारच्या गाडीनं ते तिकडे निघणार होते. घाटावर स्नान आटोपून दहाला घरी यायचं, बोलणं जमलं तर पाटणा रद्द. मालविका वरवर हसत होती, पण पाटण्याचं नाव निघालं की उठून आत जात होती.

ती विद्यापीठात भूगोल शिकत होती. तिनं घाटापासून घरापर्यंतचा सुबक नकाशा काढला. शास्त्र्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा बाण कसला?"

"उत्तर दिशा, बाबा."

"पाहुणे उत्तरेला जाणारेत की आपल्याकडे?"

प्रभावतीबाई म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा कुणाला तरी घाटावर पाठवा ना."

"आंधळे आहेत का ते?" असं म्हणून शास्त्र्यांनी पाहुण्यांना पाठवायच्या पाकिटात नकाशाऐवजी स्वतःचा कागद घातला. 'पायऱ्या संपल्यावर तडा गेलेला दगड. तेथून एकवीस चौके सरळ. आडवे गटार लागताच उजवीकडे. पुढे गुळगुळीत चौके बत्तीस, तेहतिसाव्यासमोर आमचे दार.' घराचा नंबर लिहायचा राहून गेला. तो दारावर डोळ्यांच्या उंचीला होता.

नेमक्या त्याच दिवशी, शास्त्री स्नान करून आल्यावर तासाभरात, पाइप घालायला मजूर आले आणि त्यांनी गटारापुढचे सगळे चौके उखडून भिंतीला टेकवून ठेवले. दहा वाजले, साडेदहा झाले. मालविका खिडकीतून हटेना. शेवटी शास्त्री म्हणाले, "मीच बघून येतो," आणि खाली उतरले.

खाली नुसता चिखल. वाचता वाचता पोथीचं पान कोरं निघावं, तसे ते पाहत राहिले. एका फळीवरून दुसरीवर, या बोळातून त्या बोळात असं वीस मिनिटं फिरल्यावर आपण कुठं आहोत हेच त्यांना कळेना. एका पानाच्या ठेल्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "भैया, बिंदुमाधव शास्त्री का मकान किधर है?"

पानवाला कात लावता लावता थांबला. तेवढ्यात शेजारी कागद घेऊन उभे असलेले गृहस्थ आनंदानं वळले. "तुम्हीही तिकडेच? बरं झालं! आम्ही एकवीस मोजून गटारापर्यंत आलो हो, पण पुढचे बत्तीस चोरीला गेलेत."

आता मात्र शास्त्र्यांनी मान वर केली. कागदावर त्यांचंच अक्षर होतं.

पानवाला गंभीरपणे म्हणाला, "मकान यही है, बाबूजी. और मकानवाले भी यही हैं."

वरून मालविका ओरडली, "बाबा! वर बघा!"

विष्णुपंतांनी वर पाहिलं. सुनीतीबाईंनी आधी शास्त्र्यांकडे, मग खिडकीकडे आणि मग पुन्हा शास्त्र्यांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून त्या अशा हसू लागल्या की त्यांना ठेल्याचा आधार घ्यावा लागला.

पोहे खाताना शास्त्री अवघडून बसले होते. आपल्या एका कागदापायी मुलीचं जुळत आलेलं मोडतंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते हळूच म्हणाले, "नकाशा मुलीनं चांगला काढला होता. मीच तो बदलला. दोष माझा, तिला लावू नका."

सुनीतीबाईंनी बशी खाली ठेवली. "दाखव गं, तुझा नकाशा."

मालविकेनं आणला. सुनीतीबाईंनी त्यावरून बोट फिरवत घाट, वळण, गटार, दार, सगळं नीट पाहिलं आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पाटण्याला तार करा, येत नाही म्हणून. घरात एकाला तरी रस्ता कळायला हवा. निनाद तुमच्यावर गेलाय."

"मी काय केलं?" विष्णुपंत म्हणाले.

"बत्तीस चौके चोरीला गेले म्हणालात."

शास्त्री अजून मान वर करूनच बसले होते. ते प्रभावतीबाईंना हलकेच म्हणाले, "अगं, समोरचं घर निळं आहे."

"आता तरी पाहुण्यांकडे बघा," त्या म्हणाल्या.