दाजींच्या दोन पिशव्या

आमचे दाजी तातेराव, म्हणजे माझ्या मंजुळाआक्काचे मालक, सेनगावच्या बाजूला राहायचे. माणूस तोंडानं फाटका आणि अंगानं पहिलवान. मारक्या गोऱ्ह्याची शिंगं धरून त्याला खाली बसवायचे. पण पायात बाभळीचा काटा मोडला की सगळं घर गोळा करायचे. आक्कानं काटा काढायचा, मी पाय धरायचा आणि दाजींनी बोंबलायचं, अशी आमची वाटणी ठरलेली.

अशा माणसाच्या बरगडीखाली गाठ आली. हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गाठ लिंबाएवढी, दुखत नव्हती, पण दाजी जो दिसेल त्याला धरून म्हणायचे, "हात लावून बघ." एसटीच्या कंडक्टरलासुद्धा तिकीट काढता काढता दाबून बघायला लावली. लोक काय, फुकटचं डोकं चालवणारच. कोणी म्हणालं वाऱ्याची हाय, कोणी म्हणालं बाहेरची बाधा, आणि एका शहाण्यानं तोंडावर सांगितलं की असल्या गाठीतून माणूस उठत नाही. झालं. दाजींचं जेवण तुटलं. दिवेलागणीला ओट्यावर बसून रोज एकच पालुपद, "माझं काई खरं न्हाई आता."

चेष्टा करतोय खरी, पण तेव्हा आम्हीही धास्तावलो होतो. आमच्या बापाला गाठीनंच नेलं होतं. आक्का दाजींपुढं ताट ठेवायची आणि ते उठेपर्यंत त्यांच्याकडं बघत राहायची.

सेनगावच्या डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, हिंगोलीला जाऊन पोटाची सोनोग्राफी करून आणा. दाजी भडकले. "सोनोग्राफी? मी काय बाळंत व्हनार हाय?"

"चला गुमान," आक्का म्हणाली. मी सोबत निघालो.

हिंगोलीच्या त्या सोनोग्राफीच्या दवाखान्यात बाकावर नुसत्या पोटुशा बाया आणि त्यांच्या सासवा. भिंतीवर पाटी होती, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' दाजींनी ती एकेक अक्षर लावून वाचली आणि माझ्याकडं असं बघितलं, जशी ती मीच लावली होती. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "सून आत हाय का?" दाजी म्हणाले, "व्हय." बिनधास्त खोटं बोलले.

तेवढ्यात नर्सनं दारातून आवाज दिला, "तातेराव कोण? पाणी प्या भरपूर. पिशवी भरल्याशिवाय मॅडम घेणार नाहीत."

सगळा बाक वळून दाजींकडं बघायला लागला. आमच्याकडं बाजाराला नेतात ती थैली. पिशवी म्हणजे बाईची, जिच्यात लेकरू वाढतं ती. 'अमकीची पिशवी काढली' म्हटलं की दुसरं काही विचारावं लागत नाही.

"कोनती पिशवी?" दाजींनी हळूच विचारलं.

"प्या म्हटलं ना," नर्स म्हणाली आणि आत गेली.

दाजी अडून बसले. एवढ्या बायांत मी एकटा पाणी ढोसणार नाही, तू बी पी, म्हणाले आक्काला. आक्कानं वाद घातला नाही. दाजी एक गिलास प्याले की तीही एक प्यायची.

नंबर लागला, तिघंही आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार मलम लावलं तसे दाजी शहारले. बाई यंत्र फिरवत पडद्यावर बघून सांगत होत्या. "लिव्हर चांगलं आहे. किडन्या नॉर्मल. पित्ताची पिशवी नॉर्मल. लघवीची पिशवी नॉर्मल."

"दोन?" दाजी म्हणाले.

"हलू नका."

मग यंत्र गाठीवर आलं आणि बाई बोलायच्या थांबल्या. दाजींनी माझा हात धरला. बोटं मोडायची बाकी राहिली.

"ही चरबीची गाठ आहे," बाई म्हणाल्या. "कातडीखालीच आहे, आत कशाला चिकटलेली नाही. साधी दिसतेय. वाढली किंवा दुखली तर दाखवा, नाहीतर राहू द्या."

दाजी ढसाढसा रडले, मग हसले, मग पोट धरून मोरीकडं पळाले. मला इतकं मोकळं वाटलं की भिंतीला टेकून उभा राहिलो.

तेव्हा कोपऱ्यातून आक्का म्हणाली, "बाई, मी बी पानी पिलेय. पिशवी भरलीच हाय तर माझी बी बघता का?"

"आक्का, चेष्टा नको," मी म्हणालो. ती चेष्टा करत नव्हती. बाईंनी तिला जवळ घेऊन दोन गोष्टी विचारल्या आणि मला बाहेर काढलं.

थोड्या वेळानं आम्हा दोघांना आत बोलावलं. आक्काच्या पिशवीत गाठी होत्या, त्यातली एक मोसंबीएवढी. "या गाठीही साध्याच दिसतायत, घाबरू नका," बाई म्हणाल्या. "पण यांचं रक्त फार गेलंय, दोन वर्षांपासून जातंय. पिशवी काढावी लागेल."

दाजी आक्काकडं वळले. "काहून सांगितलं न्हाईस?"

"सांगनार कवा?" आक्का म्हणाली. "घरात तुमचीच गाठ मावत नव्हती."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. सख्खा भाऊ असून मलाही काही दिसलं नव्हतं. काट्यासाठी घर गोळा करणारे आमचे दाजी खाली मान घालून बसले.

मग ते उठले आणि बाईंना अगदी हळू म्हणाले, "बाई, मला दोन हायत. त्यातली एक हिला बसत असंल तर बघा."

नर्स तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. आक्कानं पदरात तोंड लपवलं, तिचे खांदे हलत होते. दाजी मात्र सदरा वर करून तसेच उभे होते.