झाकण उघडायची खोड

मला झाकण उघडायची खोड आहे. भात शिजत असला की दर दोन मिनिटांनी मी झाकण उचलून आत बघतो. लहानपणी आई हातावर पळी मारायची, आता बायको नुसती माझ्याकडे बघते आणि ते पळीपेक्षा जास्त लागतं. विरजण लावलेलं भांडं मी हलवून बघतो, त्यामुळे आमच्याकडे दही कधी नीट घट्ट होत नाही. पिंपळवंडीच्या आमच्या मळ्यात पेरलेली मेथी उगवली का हे मी बोटाने माती उकरून बघायचो. असला मुलगा आपल्या घरात कसा जन्मला हे वडिलांना शेवटपर्यंत उलगडलं नाही. त्यांनी मला डी.एड.ला घातलं ते शेती वाचवायलाच, असा माझा संशय आहे.

शिक्षक म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती तळेघरच्या पुढे तासभर चालत जावं लागणाऱ्या एका वाडीवर. नव्वदचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली होती. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक. थोरले गुरुजी पहिली-दुसरी सांभाळायचे, माझ्याकडे तिसरी-चौथी. मी बागायती भागातला, नारायणगावच्या बाजारात वाढलेला, तेव्हा या डोंगरातल्या पोरांना आपण जग दाखवायला आलो आहोत अशी माझी पक्की समजूत होती. तसं मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर ते लिहिलेलं असणार.

चौथीत एक मुलगी होती. आठवड्यातून दोन दिवस शाळेत यायची, बाकीचे दिवस शेळ्यांमागे. दोन दिवसांत ती इतरांच्या सहा दिवसांएवढं शिकायची आणि वर प्रश्न विचारायची. चौथीनंतर हिची शाळा सुटणार हे स्वच्छ दिसत होतं, आणि ती सुटू नये एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी मनापासून हवी होती. मी तिच्या आईला भेटायला गेलो. शिक्षणाचं महत्त्व या विषयावर मी अंगणात उभं राहून बराच वेळ बोललो. ती बाई नाचणी पाखडत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "समदं खरं हाय गुरुजी. पर शेळ्या तुमी वळता का?"

याचं उत्तर आमच्या डी.एड.च्या पुस्तकात नव्हतं. मी चहा पिऊन परत आलो.

मग फेब्रुवारीत पदार्थाच्या अवस्थांचा धडा आला. स्थायू, द्रव, वायू. मी फळ्यावर तीन चौकोन काढले, बाण काढले आणि सांगितलं की पाणी गोठलं की दगडासारखं घट्ट होतं, त्याला बर्फ म्हणतात, आणि तो वितळताना कसा दिसतो ते मी तुम्हाला प्रत्यक्ष दाखवणार. सोमवारी बर्फ आणतो म्हणालो. त्या दिवशी ती मुलगी नेमकी वर्गात होती. तिने विचारलं, "वितळताना दावनार?" मी म्हटलं, "तुझ्या हातावर ठेवीन." ती म्हणाली, "मंग सोमवारी येते." मला एवढा आनंद झाला की मी आणखी दोन बाण काढले.

रविवारी घरी गेलो होतो, तिथून सोमवारी सकाळी नारायणगावात रसवंतीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे बर्फाची लादी नुकतीच उतरली होती. त्याने विटेएवढा तुकडा तोडून दिला. मी घरून मोठा स्टीलचा डबा आणला होता. त्याने त्यात लाकडाचा भुसा दाबून भरला, मध्ये बर्फ, वर पुन्हा भुसा, आणि बाहेरून गोणपाट बांधलं. म्हणाला, "मास्तर, शाळंपतुर तोंड उघडू नका. येवढं पाळलं तर चार तास कायबी व्हत न्हाई." मी हसलो. उष्णतेचं वहन मला हा शिकवणार होता.

मंचरला गाडी बदलायची होती. भीमाशंकरची एस.टी. यायला वेळ होता. स्टँडवर बसल्या बसल्या मला वाटलं, बघावं तरी. एकदाच. गोणपाट सोडलं, भुसा बाजूला केला. बर्फ जसाच्या तसा होता. समाधान वाटलं. ते समाधान घोडेगावपर्यंत टिकलं.

घोडेगावच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "काय हाय राव डब्यात? लई जपताय." मी सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्याला ते खरं वाटेना, म्हणून त्याला दाखवलं. मागच्या सीटवरच्या दोघी वाकल्या, त्यांनाही दाखवलं. मग गप्प बसवेना. डबा मांडीवर उघडा ठेवून मी त्या गाडीत पदार्थाच्या अवस्थांचा आख्खा धडा घेतला. बाहेरची उष्णता बर्फात शिरते आणि तो वितळतो, भुसा त्या उष्णतेला अडवतो, म्हणून भुसा बाजूला करायचा नसतो, हे मी भुसा बाजूला करून समजावत होतो. कंडक्टरने नखाएवढा तुकडा तोंडात टाकला. म्हातारा म्हणाला, "पावणं, झाकून ठिवा आता, गळतंय." मी म्हटलं, "बाबा, विज्ञान आहे ते."

डिंभ्याला पुन्हा उघडला. तळेघरला उतरल्यावर उघडला. वाडीच्या चढावर माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली, तेव्हा मात्र उघडायचं धाडस झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक झाकण उघडायचं टाळलं, आणि तेही उशिरा.

शाळेच्या पडवीत सगळी पोरं उभी होती. ती मुलगीही होती, डोक्याला चापूनचोपून तेल लावून. त्या दिवशी शेळ्यांमागे तिची आई गेली होती. नाचणीचं काम टाकून.

टेबलावर डबा ठेवला. पोरांनी गराडा घातला. ओल्या भुशात हात घालून मी चाचपलं. विटेएवढ्या बर्फातलं सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं. ते भुशाने माखलेलं होतं. आता एवढंसंच उरलंय तर निदान स्वच्छ दाखवावं, असं माझ्या सुशिक्षित डोक्यात आलं. मी माठातलं पाणी तांब्याभर घेतलं आणि त्याच्यावर ओतलं.

तळहातावर भुशाचे चार कण राहिले.

मी घसा साफ करून म्हणालो की बर्फ असा असा होता, पांढरा, थंडगार, कठीण, भुसा बाहेरची उष्णता अडवतो म्हणून भुशात ठेवलेला, आणि तुम्ही तो कधी पाहिलेला नाही हे माझ्या लक्षात आहे, तेव्हा पुढच्या वेळी. तिसरीतला एक पोरगा म्हणाला, "गारंवानी आसतो का गुरुजी?" दुसरा म्हणाला, "गारा तर आमी लई खाल्ल्यात." मग सगळी बोलायला लागली. कोणाच्या कौलावर गार पडून कौल फुटलं होतं, कोणी टोपलं भरून गोळा केल्या होत्या. कोणी सांगितलं की थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते, ती रोज सकाळी उन्हात ठेवावी लागते. मी स्वतः डिसेंबरभर माझी बाटली वाडीतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उन्हात ठेवत होतो. घट्ट तेल पातळ होताना रोज बघत दात घासत होतो, आणि यात धडा आहे हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नव्हतं. जग बघितलेला माणूस मी.

सगळे बोलत असताना ती मुलगी डब्यातल्या पाण्याकडे बघत होती. मी विचारलं, "तूही गारा पाहिल्यास का गं?"

"व्हय."

"मग आलीस कशाला?"

"गार घावली की आमी तोंडात टाकतो. वितळताना कोन बगतंय? तुमी म्हनला व्हता दावनार."

मला लाज वाटली, अगदी खरी, कान तापवणारी. तिच्या आईने एक दिवस दिला होता, आणि तो मी मंचर ते तळेघर थोडा थोडा वाटून संपवला होता.

मंगळवारी ती आली नाही. त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही. मार्च संपला. मी दोनदा तिच्या घराच्या वाटेला लागलो आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून फिरलो. आईने तोच प्रश्न विचारला असता आणि माझ्याकडे अजून तेच उत्तर होतं, म्हणजे कुठलंच नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी आभाळ भरून आलं. शाळा सुटली होती, मी पडवीत वह्या तपासत बसलो होतो. डोंगराच्या वरच्या अंगाला गारा पडल्याचा आवाज आला, आमच्याकडे नुसते चार थेंब. अर्ध्या तासाने ती मुलगी चढावरून खाली येताना दिसली, भिजलेली, छातीशी डालड्याचा जुना डबा धरून. तो डबा तिने माझ्यासमोर ठेवला. वर फडकं बांधलेलं होतं.

"काय आहे?"

"गारा. भुसा नव्हता, म्हनून भाताचं तूस घातलंय."

म्हणजे त्या सोमवारी मी जे बडबडलो होतो त्यातलं काहीतरी उरलं होतं. माझा हात लगेच फडक्याच्या गाठीकडे गेला. तिने डबा मागे ओढला. म्हणाली, "ताट आना पयलं."

मी ताट आणलं. तिने गाठ सोडली, तुसात हात घातला आणि आवळ्याएवढी गार काढून ताटात ठेवली. आणखी दोन होत्या, थोड्या लहान. तूस तिने फुंकून उडवलं, पाणी ओतलं नाही. मी विचारलं, "वाटेत उघडून बघितलंस का, आहेत का वितळल्या?"

"नाय."

"का?"

तिला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "आसतील की. ठिवल्यात म्हनल्यावर."

आम्ही दोघं ताटाशी बसलो. गारेची कड आधी चकाकली, मग खाली पाण्याची ओली रेघ झाली. आतला पांढरा गाभा हळूहळू दिसेनासा झाला. मी दोनदा बोट पुढे केलं आणि दोनदा तिने "हात नगा लावू" म्हणून ते परतवलं. गार बघता बघता वाटाण्याएवढी झाली, मग पाण्यात पाणी. ती नीट बघून घेतल्यावर म्हणाली, "येवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "आता हे पाणी ताटात असंच ठेवलं तर उद्यापर्यंत वाफ होऊन हवेत जाईल. न उकळता."

"ते दिसंल?"

"नाही. फक्त ताट कोरडं दिसेल."

तिने ताट उचलून खिडकीत ठेवलं. "उद्या बगायला येते," म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. ताट कोरडं झालं होतं, गारेतल्या मातीचे दोन डाग तेवढे मागे होते. ती आली नव्हती. उतारावर कोणी दिसतंय का ते बघायला मी दाराशी गेलो, परत आलो, फळ्यावर एक ओळ लिहिली आणि पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा पोरं माझ्याकडे बघायला लागली. मला तिचं ते "आसतील की" आठवलं. मी दार लोटून घेतलं, पाठ दाराकडे केली आणि गुणाकार शिकवायला लागलो. तेवढा अर्धा तास मी माझ्या आयुष्यात सर्वांत जास्त कष्ट केले.

साडेअकराला दार ढकललं गेलं. ती होती, आणि तिच्या मागे पाच शेळ्या. त्यांतली एक सरळ आत येऊन फळ्याखाली उभी राहिली. मुलगी म्हणाली, "आईला काम हाय. ती म्हनली, गुरुजीस्नी इचार." आणि ती खिडकीतलं ताट बघायला गेली.

त्या दिवशी चौथीचा गुणाकार थोरल्या गुरुजींनी घेतला. शाळेमागच्या माळावर शेळ्या मीच वळल्या.