कासवांना हात लावणारी वालिसुआ

आम्ही तान्द्रुई लोक कासवाला हात लावत नाही. वाटेत सुकाके, म्हणजे पाठीवर चांदण्या असलेलं आमचं कासव, दिसलं की वळसा घालून जातो. त्याचं मांस शिजलेलं मडकंही आम्हाला विटाळाचं. म्हणून तर मादागास्करच्या या काटेरी रानात ही कासवं टिकली, आणि म्हणून तस्करही इथेच येतात.

एकदा गावकऱ्यांनी भाले घेऊन तस्करांची गाडी अडवली. तस्कर कासवांनी भरलेली पोती टाकून पळाले. पोलीस येणार दुसऱ्या दिवशी. भर उन्हात पोती हलत होती आणि आमचे शूर गडी लांब उभे राहून एकमेकांची तोंडं बघत होते. मला तर चीड आली.

तेवढ्यात माझी आत्या वालिसुआ शेतातून रताळी घेऊन आली. विधवा बाई, तोंडाने फटकळ. तिने कोयत्याने पोती उसवली आणि निवडुंगाची फळं फोडून पुढे टाकली. काही कासवं आपल्या पायांनी रानाकडे निघाली. हात न लावता काम झालं म्हणून लोक खूश. पण बाकीची जागची हलेनात, कारण त्यांचे पाय चिकटपट्टीने आवळलेले होते.

गावाची देवकार्यं माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, करतात. त्यांनी तिला बजावलं, की हात लावलास तर शुद्धी होईपर्यंत तुझं ताट वेगळं. तुझी लेक पोटुशी आहे, तिच्या बाळालाही शिवता यायचं नाही.

"वेगळं वाढ, दादा," आत्या म्हणाली. "पण भरपूर वाढ. इथे पुष्कळ काम दिसतंय."

ती खाली बसली आणि एकेकाची पट्टी सोडवत राहिली. काही मेलेली निघाली. त्यांच्यासाठी ती सगळ्यांसमोर रडली, आणि रडत रडतच तिने पुढचं उचललं.

सकाळी बाबांनी शुद्धीसाठी बकरा आणवला. शेवटी बहीणच ती. आत्या आली, पण लांबच उभी राहिली.

"बकरा सोडून दे, दादा."

बाबांना वाटलं, रुसली. ते समजूत घालू लागले, की तुझं चुकलं असं कोण म्हणतंय, पण रीत आहे.

"रीत मोड असं मी कुठे म्हणतेय? ते लोक परत येतील, पोती परत पडतील, आणि तुम्ही परत लांब उभे राहाल. दर वेळी मला धुऊन काढणार का? गावात एक तरी माणूस विटाळातलं हवं. मी राहते."

बाबांनी बकरा सोडला.

पोती परत आलीच. दर वेळी गाव तिलाच हाक मारतं आणि ती हातातलं काम टाकून जाते. जेवते अजून एकटी, वेगळ्या चुलीवर.

तिचा नातू आता चालायला लागलाय. तो कुंपणापाशी येऊन तिच्याकडे झेपावतो. आत्या पलीकडे बसून त्याच्याशी हसून बोलते, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवते.