भिंतीपलीकडचं भजन

जयवंता वैनी लग्न होऊन अमरावतीले आमच्या गल्लीत आली, तवा तिचा दीर शेखर रांगत होता. सासू बाळंतपनातच गेली होती. नव्या नवरीच्या ओटीत लोक खन-नारळ घालतात, हिच्या ओटीत रडतं पोरगंच टाकलं, असं माही माय म्हने. वैनीनं मळ्यात शेवंती तोडली, बाजारात बसून हार विकले अन् त्या पोराले मोठं केलं. सोताची लेक गीतांजली मागून झाली, तिले अकोल्यात देल्ली. नवरा खुशालराव वारला तवा घराचे दोन भाग झाले, मधात एकेरी विटेची भिंत आली. वैनी म्हने, भिंत घराले हाये, आमाले नाही.

मी शालिकराम. रेडिओपासून डीजेपर्यंत आवाजाचं जे काही बिघडते ते मी पाहतो. मागच्या दिवाळीले शेखरनं म्युझिक सिस्टीम घेतली. लग्नाच्या डेकोरेशनमध्ये त्याचा जम बसला होता, पैसा खेळून राहिला होता. दोन स्पीकर अन् वरून दोन मोठे सबवूफर, म्हनजे नुसता ढोल-तबल्याचा जाड आवाज काढनारे खोके. लावून द्याले मले बोलावलं.

मी आपल्या पद्धतीनं चाललो. खोका आधी सोफ्यावर ठेवला, जिथं मानूस बसनार तिथं. मंग गानं लावलं अन् खोलीभर रांगलो. रांगता रांगता जिथं आवाज भरीव लागते, ती त्या खोक्याची जागा. शेखरची बायको दीपमाला तोंडाले पदर लावून हसली. "शालिकभाऊ, दाढी पिकली अन् आता रांगून राहिले तुमी."

समोरच्या भिंतीच्या मधात एक अन् मागच्या भिंतीच्या मधात एक, अशा दोन जागा निंघाल्या. शेखर म्हने, "नाही भाऊ. दोनी ह्या भिंतीले लाव, दोन कोपऱ्यात."

ती वैनीकडची भिंत. मी म्हनलो, "भैताडा, कोपऱ्यात आवाज फुगते. इकडे घुमन अन् तिकडे भिंत हालन."

"तेच त पायजे," तो म्हने. "वैनीचे गुडघे गेले. मंदिरात भजनाले जानं सुटलं तिचं. घरबसल्या ऐकू येईन तिले."

राजेहो, मले लय कौतुक वाटलं. म्हनलं, दीर असावा त असा. दोनी खोके भिंतीले भिडवले. अॅम्प्लिफायरपासून वायर नेल्या, लाल लालले, काळी काळीले. एकाची वायर उलटी लागली त एका खोक्याचा पडदा हवा बाहेर ढकलते अन् दुसरा आत ओढते, दोघायचा आवाज एकमेकाले खाऊन टाकते. म्हनून पुन्हा तपासलं. भजनाचा ठेका पलीकडे दनदनीत गेला पायजे, एवढंच डोक्यात होतं. मजुरीचं नाव काढलं नाही.

वैनीनं साऱ्या गल्लीत सांगतलं. "माह्या शेखरनं माह्यासाठी लावलं." भाजीवालीलेही सांगतलं.

थंडी सरता सरता वैनीचं तोंड उतरलं. फडताळातल्या बरन्या दिवसभर खनखन वाजत. डोकं भनभने, दुपारी डोळा लागत नसे. गीतांजली फोनवर म्हने, माय, अकोल्याले ये, एकटीनं काहून राहून राहिली तिथं. वैनी जाईना. एक दिवस तिनं मले हाक मारली. "शालिक, बंद नको करू, त्याले वाईट वाटन. फकत भजनातले दोन शब्द ऐकू येतीन असं काही कर. मले नुसतं धम-धम येते."

म्हनलं, आवाजाचा तोल बिघडला असन. मी बाजूले गेलो, अन् वैनी भिंत धरत धरत माह्या मागं निंघाली.

दीपमालानं दार उघडलं. शेखर डेकोरेशनले अचलपूरले गेला होता, पन सिस्टीम चालूच. अन् खोलीत गानं नव्हतं. ज्या दोन स्पीकरमधून शब्द निंघतात, त्यायच्या वायर कोनंतरी काढून, गुंडाळून बाजूले ठेवल्या होत्या. वाजत होते फकत सबवूफर. ऐकनारं कोनी नाही. दीपमालाच्याच कानात कापूस.

"हे कोनं केलं?" मी दरडावलं.

ती खाली पाहत बोलली. "त्यायनंच. सकाळी लावून जातात. मले बंद करू देत नाहीत. म्हने, वैनी कटाळून अकोल्याले गेल्या का भिंत पाडू अन् तिकडे डेकोरेशनचं गोडाऊन करू."

केसानं गळा कापला त्यानं. तिचा त कापलाच, माहाही कापला. खाल्ल्या घरचे वासे मोजनारा मानूस, अन् त्या कामाले माहे हात लावले, तेही देवाचं नाव घेऊन. अशी आग झाली अंगाची का तो समोर असता त मी काय केलं असतं सांगता येत नाही. मागं पाह्यलं त वैनी दारात उभी होती. तिनं सारं ऐकलं होतं.

मी बटन बंद केलं. म्हनलं, चाल वैनी. ती म्हने, "तो येऊ दे." अन् तिथंच सोफ्यावर बसली. दीपमालानं चहा ठेवला, त्याले हात लावला नाही.

शेखर संध्याकाळी आला. वैनीले पाह्यलं, मंग माह्याकडे, मंग त्या वायरीकडे. चेहरा पडला. "वैनी, तुले तरास होत होता त सांगाचं होतं," तो म्हने.

"तुले घर पायजे होतं त तू सांगाचं होतं," वैनी म्हने. आवाज चढवला नाही तिनं. "मांगतलं असतं त देलं असतं रे. माहं कोन हाये दुसरं अठी? पन तू मले हाकलाले निंघाला, अन् मी तुह्या नावानं देवाजवळ दिवा लावून राहिली होती." मंग म्हने, "आता मी मेल्यावर पाह्यजो. जिती हाओ तोवर हालत नाही."

ती उठाले लागली. गुडघ्यानं साथ देल्ली नाही. शेखर हात द्याले पुढे झाला.

"तू नको," ती म्हने. "शालिक, तू धर."

मी धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी शेखरनं दोनी सबवूफर भिंतीपासून काढले. माफी मांगाले दोनदा आला, वैनीनं दार उघडलं नाही. तवापासून तिच्या तोंडी शेखरचं नाव नाही. कोनी विचारलं त "बाजूचे लोक" म्हनते.