माझ्या दुकानात ते एकदाच आले

या, जरा जवळ सरका. आणि आधी थोडं बोलून घेते. माझी नात मला या सदरातले तुमचे अनुभव वाचून दाखवते. सगळ्यांचं आपलं तेच... अमावास्या, पिंपळ, नाहीतर घाटातली पांढऱ्या साडीची बाई. अरे, भर दुपारी कुणाला काही होतच नाही का? मी स्वतः असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. चाळीत कुणी अंगारा आणून दिला तर मी त्याने पितळेचा तांब्या घासायची, छान लखलखायचा. हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून ‘म्हातारीला भास झाला’ म्हणायला नको.

आम्ही चिंचपोकळीचे. आमचे हे, परब, गिरणीत साचेवाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे चार साचे ते एकटे सांभाळायचे. त्या खडखडाटाने कान पार गेलेले. घरात मी नुसते ओठ हलवायची आणि त्यांना सगळं कळायचं. शेजारणींना वाटायचं, आमचा अबोला आहे.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, गिरणीत मशीनची पूजा असायची. साचे बंद, धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा, आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे मला घेऊन गेले. साच्यावर हात ठेवून म्हणाले, “ह्यो माजो.” लग्नात माझ्याकडे बघून तेवढं तोंड फुललं नव्हतं हो त्यांचं.

मग संप झाला. आज सुटेल, उद्या सुटेल करत दिवस गेले. रोज सकाळी हे नाक्यावर जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. लालबागला तेव्हा ‘सुनाद’ कंपनीचं टीव्हीचं दुकान नवीन निघालं होतं, तिथे काच पुसायला बाई हवी होती. मी गेले. ह्यांनी नाही म्हटलं नाही, पण हो पण म्हटलं नाही.

आता माझी थोडी फुशारकी ऐका. काच पुसता पुसता मी सगळं शिकले. अँटेना कुठे वळवायची, बूस्टर कशाला, रंग कसे जुळवायचे. शाळा माझी आठवीत सुटली, पण गिऱ्हाईक आलं की मॅनेजर विजयकर साहेबच म्हणायचे, “परबबाई, तुम्ही बोला.” साहेब ठाकूरद्वारचे, जुन्या घराण्यातले, बोलणं एकदम इस्त्रीचं. एकदा एक कोळीण पाटी घेऊन आत आली. “बाय, रंग खरा हाय का गो याचा?” मी म्हटलं, खात्री करून घे. पडद्यावर मासळीबाजाराचं काहीतरी चाललेलं. तिने पाटीतलं पापलेट काढून पडद्याशेजारी धरलं. दुकानभर वास. साहेबांनी नाकाला रुमाल लावला... पण सेट खपला ना!

लालबागनंतर परळ, दादर, गिरगाव... सुनादची दुकानं कशी भराभर निघाली. नवीन दुकान उघडलं की तिथल्या पोरींना शिकवायला मला पाठवायचे. काच पुसायला आलेली बाई मी, माझ्या नावाची पाटी टेबलावर आली.

आणि दुकानात मी खंडेनवमी सुरू केली. साहेब म्हणाले, “बाई, हे शोरूम आहे, कारखाना नव्हे.” मी म्हटलं, “साहेब, पोट यावरच भरतं ना तुमचं-माझं?” मग झालं. त्या दिवशी एकही सेट लावायचा नाही, हळदकुंकू, झेंडू, आणि सगळ्यांच्या घरची माणसं बघायला येणार. पुढे साहेबच सोवळं नेसून हजर व्हायला लागले. प्रत्येकाचं माणूस यायचं. माझंच तेवढं यायचं नाही.

दरवर्षी बोलावायची. यांचं ठरलेलं. “माजो साचो सुरू झालो काय येतंय.” म्हणजे साचा सुरू झाला की मगच येणार.

त्यात माझा राग नव्हता. बायकोच्या दुकानात रिकाम्या हातांनी कसं उभं राहायचं, हेच त्यांना कळत नव्हतं. पण मला दाखवायचं होतं हो. त्यांनी मला त्यांचा साचा दाखवला होता. मला एकदाच, एकदा तरी, “हा माझा” म्हणायचं होतं.

नंतर बाहेरच्या कंपन्या आल्या. एकाच छताखाली दहा कंपन्यांचे टीव्ही, जुना द्या नवा न्या, आणि आमची गिऱ्हाइकं आमच्याकडे फक्त भाव विचारायला यायला लागली. आधी गिरगावचं दुकान मिटलं, मग दादर, मग परळ. आमचं लालबाग शेवटपर्यंत टिकलं, हे मुद्दाम सांगते. बंदचा हुकूम आला, आणि नेमका दिवस आला खंडेनवमीचा.

सकाळीच वीजवाले मीटर काढून घेऊन गेले. सगळे सेट टेम्पोत भरून कॉटन ग्रीनच्या गोदामात गेले. मागे राहिला एकच, आमचा पहिला डेमोचा सेट, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीचा. भंगारवाला पण नको म्हणाला. त्याची वायर मीच गुंडाळून मागे बांधली होती. मी आणि साहेब, दोघंच होतो. म्हटलं, एकाची तर एकाची, पूजा करू. मी फूल वाहिलं आणि वर बघितलं, तर दारात हे.

इस्त्रीचा शर्ट. हातात धोटा... मागातून सूत घेऊन पळतो तो लाकडी धोटा, यांनी इतकी वर्षं फडक्यात बांधून ठेवलेला.

“बंद पडता म्हणान आयकलंय,” ते म्हणाले. “मशीन बंद व्हताना हात जोडूक व्हये. आमका गिरणीत जोडूक गावले नाय.”

साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. हे बसले नाहीत. मी त्यांना हाताला धरून सगळीकडे फिरवलं. भिंतीवर नुसते सेटचे चौकोन उरलेले, तरी मी सांगत होते, इथे रंगीत, इथे रिमोटवाले, हे माझं टेबल. शेवटी त्या जुन्या सेटवर हात ठेवला आणि म्हटलं, “हा माझा.”

ते हसले. धोटा सेटवर ठेवला, हात जोडले.

आणि सेट लागला.

हळूहळू, जुने सेट लागायचे तसा. आधी मधे ठिपका, मग सगळा पडदा पांढरा. बाहेर लख्ख ऊन, तरी तो उजेड वेगळा दिसत होता. साहेबांनी सेटच्या मागे जाऊन बघितलं. वायर तशीच गुंडाळलेली. “परबबाई,” ते म्हणाले, आणि वायरीची गाठ मला दाखवली.

मला आवाज आला नाही, साहेबांनाही नाही. पण यांनी मान कलती केली, साच्यात धागा तुटला का ते ऐकायला करायचे तशी. “आयक गो,” म्हणाले. “चारय चलतत. सुरू झालो माजो साचो.”

मी पेटीवर तळवा टेकला. थरथर होती. गिरणी चालू असताना आमच्या चाळीच्या भिंतीला पाठ लावली की लागायची, तीच. संपानंतर ती कधीच लागली नव्हती.

फुलाची पाकळी सेटवरून खाली पडली, आणि पडदा विझला.

साहेब नंतर म्हणाले, नळीत जुनी वीज राहिली असेल. दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, एवढी राहत नाही. पुढे साहेबांनीही तो विषय काढला नाही. मी पुष्कळ डोकं चालवलं, मला काही उलगडलं नाही. आता प्रयत्न पण करत नाही. घरी येताना हे रस्ताभर भेटेल त्याला थांबवून सांगत होते, “ही माजी मंडळी. लालबागचा दुकान हीच चलवी.”

आता हे नाहीत. तो सेट माझ्या खोलीत आहे, वर धोटा आहे. पुन्हा कधी लागला नाही. दर खंडेनवमीला मी पुसते, फूल वाहते, आणि त्या दिवशी दार उघडंच ठेवते, कारण मशीन बघायला माणसं यायला हवीत. म्हणून म्हणते, नुसतं वाचत बसू नका. चिंचपोकळीला उतरलात की कुणालाही विचारा, टीव्हीवाली परबबाई कुठे राहते. लवकर या. चहा टाकते, आणि माझा सेट दाखवते.